मुका कागद

इचलकरंजीत शांतता विकत मिळायला लागली तेव्हा ती सगळ्यात आधी घेतली तेजश्री वरुटेनं. गावात बाकी कुणाचं शांततेवाचून अडलं नव्हतं. जन्मापासून मागांच्या खडखडाटात झोपलेल्या माणसाला शांततेत झोप लागत नाही. माग थांबले की तो दचकून उठतो आणि वीज गेली का बघायला दारात येतो. पण तेजश्रीला गाणं रेकॉर्ड करायचं होतं. तिच्या घराखाली, शेजारी आणि मागच्या बोळात इतके यंत्रमाग चालायचे की फळीवरचा तांब्यासुद्धा दिवसभर थरथरत असायचा.

घर दोनच खोल्यांचं. मागे स्वयंपाकघर, पुढच्या खोलीत आण्णांची कॉट, त्यांची पेटी, तिचा तानपुरा, आणि रस्त्यावर उघडणारी हातभर गॅलरी. आण्णा म्हणजे तिचे वडील, दिगंबर वरुटे. जन्मभर मागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. माग बिघडला की बाकीचे लोक पाने-पक्कड शोधत. आण्णा आधी कान लावून ऐकत. संध्याकाळी अंघोळ करून पेटी घेऊन बसत. गावात गवई आला की साथीला हे ठरलेले, आणि साथ करता करता त्यांनी कितीएक गवयांचं गाणं कानानं उचललं होतं. ते सगळं त्यांनी तेजश्रीच्या गळ्यात घातलं. तिची आई त्यांच्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेजश्री शाळेत संगीत शिकवायची. पस्तिशीला आली होती आणि तिच्या लग्नाचा विषय घरात निघून निघून पार शिळा झाला होता.

कागदाच्या आधी तिनं स्टुडिओसाठी काय काय करून पाहिलं होतं ते विचारू नका. माइक जुना पण चांगला मिळाला, संगणक शाळेनं काढून टाकलेला. भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीत गोधड्या कोंबल्या, अंड्यांचे ट्रे चिकटवले. मागांचा आवाज ह्या सगळ्याला हसत आत यायचा. शेवटी ती कपाटात साड्यांच्या मध्ये माइक घेऊन उभी राहिली आणि दार आतून ओढून गायली.

"गाणं म्हणतीस का चोरी करतीस गं?" आण्णा बाहेरून म्हणाले. तेही रेकॉर्ड झालं.

मग मुका कागद आला. कंपनीनं त्याला भलतंच भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक त्याला मुका कागदच म्हणायचे. दिसायला भिंतीला लावायच्या साध्या कागदासारखा, फिकट राखाडी. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंसाठी निघाला तेव्हा सोन्याच्या भावाचा होता. दोनतीन वर्षांत इतका उतरला की शाळेतल्या बाईंना परवडावा. इचलकरंजीत तो लावून द्यायचं काम मोमीन करायचा. त्याचा बाप आणि आण्णा एकाच कारखान्यात कामाला होते, म्हणून तो आण्णांना आण्णाच म्हणायचा.

आवाज म्हणजे हवेची दाबादाबी. हवा दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते आणि कानाचा पडदा तिच्याबरोबर हलतो. ती दाबली जाते त्याच क्षणी कुणी नेमकी तेवढीच ढील दिली, आणि सुटते त्या क्षणी तेवढाच दाब दिला, तर पडदा जागचा हलत नाही आणि कानाला काही कळत नाही. हे तत्त्व जुनंच आहे, हेडफोनवाल्यांनी ते कधीचं वापरलं. पण कानाभोवतीची चिमूटभर जागा शांत करणं निराळं आणि अख्खी खोली शांत करणं निराळं. मुक्या कागदात तांदळाच्या कणीएवढे लाखो पापुद्रे होते. प्रत्येक पापुद्रा ऐकायचा आणि प्रत्येक पापुद्रा बोलायचाही.

अडचण एकच होती. उलटी लाट वेळेवर सोडायची तर आवाज येऊन पोचायच्या आधी तो कसा असणार हे ठाऊक पाहिजे. म्हणून कागदाला प्रत्येक आवाज आधी शिकवावा लागायचा. पुरेसा ऐकवला की पुढच्या क्षणाला तो आवाज काय करणार हे कागद अदमासानं ओळखायचा. मागाचा आवाज त्यातल्या त्यात सोपा, कारण त्यात तेच ते. माणसाचा अवघड, पण माणूसही शेवटी आपल्या सवयीनंच बोलतो. आणि एकदा शिकलेला आवाज कागद विसरत नसे. उलट तो आवाज दिवसादिवसानं थोडा बदलला तर कागदही तेवढाच बदलून घेई.

मोमीननं कागद लावला, पंधरा दिवस त्याला माग ऐकू दिले आणि एका सकाळी चालू केला. अर्ध्या तासात खडखडाट विरघळत गेला आणि मग नाहीसाच झाला. तेजश्रीनं तानपुऱ्याची तार छेडली. ह्याच तानपुऱ्यावर ती लहानपणापासून गात होती, पण तारेचा आवाज संपता संपता किती लांब जातो हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आण्णा मात्र कॉटवरून उठले आणि भिंतीला तळहात लावून उभे राहिले.

"चालू हायत गं," ते म्हणाले. "हाताला लागतंय. मला वाटलं बंदच पडलं सगळं."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. महिन्याभरात तिला कामही मिळालं. परदेशातल्या एका कंपनीला सकाळचे राग हवे होते. एकटा गळा आणि तानपुरा, बाकी काही नको. लोक ते गाडी चालवताना, व्यायाम करताना, नुसतं पडल्या पडल्या ऐकत. अट एकच होती, मागे दुसरा कसलाही आवाज नको. तेजश्रीनं शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

पहिलाच राग तोडी. मनासारखा लागला होता. आलाप संपवून ती बंदिशीत शिरली, मुखडा घेऊन समेवर आली आणि समोरच्या कॉटवरून दणदणीत आवाज आला, "हाऽऽ! काय आली गं, वा!"

मागावरच्या माणसाला हळू बोलता येत नाही. आण्णांची दाद गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. तेजश्रीनं कपाळावर हात मारला. ओरडणार कुणावर, आपलेच दात आणि आपलेच ओठ. दुसऱ्या वेळी आण्णांनी तोंडात पंचा धरला, तरी समेला 'हं' निघालाच. तिसऱ्या वेळी ते आपणहून बाहेर जिन्यात जाऊन बसले. त्या वेळचं रेकॉर्डिंग स्वच्छ झालं, पण तिलाच ते ऐकवेना. समोर बसून कुणी घेणारं नसलं की गाणं कसं कोरडं पडतं हे तिला माहीत होतं, आणि तिचं गाणं घेणारा माणूस जगात एकच होता.

तिनं मोमीनला विचारलं. त्यानं डोकं खाजवलं आणि हसत म्हणाला, "मग आण्णांनाच शिकवूया की कागदाला. बसू देत समोर. घालू देत दाद. त्यांचा आवाजच उठणार न्हाई."

"माझा आवाज?" आण्णा म्हणाले. "मग काय, मी बोललो तरी मला ऐकू यायचं न्हाई?"

"तुमच्या डोक्यात येईल थोडा. दुसऱ्याला न्हाई."

आण्णांना ते फारच गमतीचं वाटलं. कागदाला आवाज शिकवायचा तो दिवस त्यांनी फोटो काढून घ्यायचा असावा तसा साजरा केला. दाढी केली, धुतलेला सदरा घातला. पेपर मोठ्यानं वाचून दाखवला, दोन भजनं म्हटली, तेजश्रीला लहानपणी घालायचे त्या हाका मारल्या आणि शेवटी सगळ्या तऱ्हेची दाद देऊन दाखवली. मोमीन पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी कागद चालू झाला तेव्हा आण्णा समोर बसून काहीतरी बोलले, ओठ हलले, आणि खोलीत काहीही उमटलं नाही. बापलेक दोघंही लहान पोरांसारखी हसली. त्यात तिचंच हसू ऐकू येत होतं.

आता आण्णा समोर मांडी घालून बसायचे आणि ती गायची. समेला त्यांचं तोंड उघडलेलं दिसायचं, मान हलायची, आणि तिला बरं वाटायचं. रेकॉर्डिंगमागून रेकॉर्डिंग पसंत होत गेलं. तोडी, भैरव, जौनपुरी. कंपनीनं पुढच्या वर्षाचंही काम दिलं.

सुरुवातीला जेवायच्या वेळी ती कागद बंद करायची. पण बंद केला की माग एकदम अंगावर यायचे, आणि पुन्हा चालू केला की खोली शांत व्हायला अर्धा तास. दुपारचं बंद करणं आधी गेलं, मग रात्रीचं. घरात बोलणं एकमार्गी झालं. ती बोलायची ते आण्णांना ऐकू यायचं. आण्णा बोलायचे ते कागद गिळायचा. त्यांना काही हवं असलं की ते टाळी वाजवायचे, कारण टाळी कागदाला शिकवली नव्हती. फारच सांगण्यासारखं असलं तर दोघं गॅलरीत जायची. तिथं खालचे माग आणि रस्त्यावरची वाहनं. आण्णा ओरडून दोन शब्द सांगायचे आणि आवाज फाटायचा. 'ओरडू नका हो, घसा बसेल,' असं ती म्हणायची आणि आत यायची. आण्णा तिथंच विडी ओढत उभे राहायचे.

हळूहळू ते गॅलरीतही बोलेनासे झाले. वय झालं, माणूस अबोल होतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. पोटच्या पोरीला असली कारणं सुचायला वेळ लागत नाही.

गाताना तिच्यासमोर संगणकाचा पडदा असायचा. कंपनीनं दिलेला. त्यावर तिचा प्रत्येक स्वर रेघेसारखा उमटायचा. पेटीच्या पट्टीच्या जागेवर असला की हिरवा, हलला की लाल. आधी ती पडद्याकडे अधूनमधून बघायची. पुढं पुढं डोळे तिथंच राहायला लागले, आणि आण्णा नजरेच्या कडेला. ते हात वर करायचे, खाली आणायचे, डोळे मिटून मान हलवायचे, ओठांनी काही म्हणायचे. आण्णा आज रंगलेत, असं तिला वाटायचं. ती हसून त्यांना हात जोडायची आणि पुढं गायची.

पावसाळा गेला, थंडी आली. एके दिवशी खिडकीजवळचा कागद सुटला म्हणून मोमीन आला. वर येऊन त्यानं हत्यारांची पिशवी खाली ठेवली नाही.

"ताई, आण्णांचा आवाज असा कवाधरनं?"

"असा म्हणजे?"

मोमीननं जिन्याकडे बोट केलं. "मला जिन्यात भेटले. 'ये बाळ' म्हणाले. मी वळखलंच न्हाई कोण बोललं ते."

ती तशीच जिना उतरली. आण्णा खालच्या पायरीवर बसले होते. कारखान्याची जेवणाची सुटी होती, माग थांबलेले. तिनं हाक मारली. आण्णा वळले आणि म्हणाले, "काय गं, झालं का रेकॉर्डिंग?" आवाज नव्हताच तो. लाकडावर कानस घासावी तशी खरखर होती, आणि तिच्यामागून शीळ घातल्यासारखी हवा. तेजश्री जिन्यातच खाली बसली. ह्या माणसाबरोबर ती एका खोलीत राहत होती, रोज त्याच्यासमोर बसून गात होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि मग तिला समोर बसवलं. पोक्त बाई होत्या, घाई न करता बोलायच्या.

"आवाज कधीपासून बसलाय?"

तेजश्री बोटांवर महिने मोजायला लागली.

"साधारण सांगा. दिवाळीच्या आधी? गणपतीत?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"एकत्र राहता ना तुम्ही?"

"हो."

"तुम्ही काय करता?"

"गाते," ती म्हणाली, आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की हा रोग आधी आवाजातच दिसतो. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला की दाखवायचं असतं. तेव्हा आला असतात तर किरणांवर भागलं असतं, आवाजही बहुतेक राहिला असता. आता गाठ पसरली होती. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागणार होतं, सबंध. पुढच्याच आठवड्यात.

बाहेर कडुनिंबाखाली बाकडं होतं. तिथं शांतता होती, फुकटची. आण्णा बाकावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बोलला का नाहीत?" ती म्हणाली. रडत होती.

"कुटं बोलू?" आण्णा कुजबुजले. "घरात कागद. गॅलरीत माग. म्हटलं थंडीचा बसला आसंल. आन् तुजं काम चाललंय झकास. त्यात माझं कुटं."

"रोज समोर बसत होता. दाद देत होता. एवढ्या त्रासात कशाला देत होता दाद?"

आण्णांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"दाद न्हवती ती, बाय."

"मग?"

"थांब म्हणत होतो तुला. गंधार. तोडीचा गंधार तू वर लावायलीस. पयल्या महिन्यात बरोबर होता. मग त्या पडद्याकडं बघायला लागलीस आन् वर वर गेला. रोज सांगत होतो. खाली घे, आनखी खाली."

"मला ऐकू येत नव्हतं, आण्णा! तुम्हाला ठाऊक होतं की येत नाही!"

"ऐकू कशाला यायला पायजे?" आण्णा म्हणाले. "कारखान्यात कुणाला ऐकू येतं? तुजी आई त्या टोकाला कांड्या भरायची, मी ह्या टोकाला. जन्मभर ओठांवरच बोललो आमी. एक शब्द चुकली न्हाई कदी. मला वाटलं तुला कळतंय. तू तर हसायचीस. हात जोडायचीस. म्हटलं, कळून सुदिक करत न्हाई. मोठी झाली पोरगी, तिचं तिला पटंल तसं गाऊ दे."

मागावरच्या माणसांच्या घरात जन्मूनही ती ओठ वाचायला शिकली नव्हती. लहानपणापासून तिला पुढच्या खोलीत तानपुऱ्यापाशी बसवलं होतं, कारखान्यात कधी जाऊच दिलं नव्हतं. आण्णांनीच जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते टोपीची कड चाचपत बसले.

"आत्ता सांगा," ती म्हणाली. "आत्ता शिकवा. कुठं लावू?"

"पेटीत न्हाई तो सूर," आण्णा म्हणाले. "असता तर बोट ठेवून दाखवला आसता. दोन पट्ट्यांच्या मधी कुटंतरी ऱ्हातो. मलाबी गळ्यातनंच मिळाला आन् गळ्यातनंच द्यायचा." त्यांनी तोंड उघडून सूर लावायला पाहिला. खरखर झाली, खोकला आला आणि पंच्यावर रक्ताचा ठिपका पडला. तिनं त्यांचं तोंड पुसलं आणि दोघं एसटीला आली.

घरी येऊन ती रेकॉर्डिंगं लावून बसली. वर्षभराचं गाणं. प्रत्येकाच्या वेळी आण्णा समोर बसलेले होते, बोलत होते. कुठंतरी त्यांचा आवाज फुटायला लागला असेल. कुठंतरी त्यांनी पहिल्यांदा 'खाली घे' म्हटलं असेल. तिनं हेडफोन कानांवर दाबून धरले. तानपुरा होता आणि ती होती. तोडी लावून ती गंधारावर पुन्हा पुन्हा थांबली. पडद्यावर तो हिरवा होता. तिला तो बरोबरच वाटत होता, आणि सगळ्यात जास्त भीती तिला त्याचीच वाटली.

मोमीनला बोलावलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. कल्पना त्याची होती, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कागदाला कळलं असेल ना कधी बदलला ते?" तिनं विचारलं.

"कळलं आसंल. त्याला सगळं कळत गेलं, ताई. पर तो साठवत न्हाई. कालचा पुसतो आन् आजचा ठेवतो."

घरात आण्णांचा बिघडत गेलेला आवाज दिवसादिवसानं ऐकणारं एकच कुणी होतं, आणि त्याचं काम तो आवाज बुजवणं हे होतं.

"फक्त आण्णांना काढता येईल त्यातून?"

"दुधात साखर विरघळल्यावर काढता येते का? सगळाच पुसावा लागंल. मागबी परत येतील."

"येऊ देत," ती म्हणाली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं कागद पुसला. मोमीननं दाखवलेलं बटण दाबून धरलं आणि माग आत शिरले. खोलीतली भांडी, खिडकीची काच, कॉटचे पाय, सगळं पुन्हा थरथरायला लागलं. आण्णांनी डोळे मिटून जरा वेळ ऐकलं. मग खालच्या बाजूला बोट केलं आणि हातानंच सांगितलं की त्यातल्या एका मागाचा पट्टा ढिला झालाय. त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू आलं. लहानपणची तिची सगळी तालीम ह्याच आवाजात झाली होती.

पडदा तिनं भिंतीकडे फिरवला. तानपुरा लावला आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"शिकवा," ती मोठ्यानं म्हणाली.

आण्णांनी तोंड उघडलं. तिनं आपला कान त्यांच्या ओठांपाशी नेला, पार टेकवला. कानाला ऊन हवा लागली. हवाच होती, तिच्यात सूर नव्हता. त्यांनी पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि पुन्हा नुसती हवा आली. मग त्यांनीच तिला हातानं मागं सारलं आणि तळहात समोर आडवा धरला.

तिनं गंधार लावला. तळहात खाली गेला. तिनं सूर उतरवला. आणखी खाली. आणखी उतरवला तशी आण्णांनी मान हलवली, तळहात वर आला. फार उतरली होती. ती पुन्हा वरून निघाली. त्या दोन जागांच्या मध्ये कुठंतरी तो होता, आणि तिचा गळा त्याच्या जवळ आला की घसरून त्या हिरव्या जागेवर जाऊन बसायचा. वर्षभर तिनं गळ्याला तीच खोड लावली होती. ऊन गॅलरीतून आत आलं आणि कॉटपर्यंत सरकलं. आण्णांच्या कपाळावर घाम जमला. तिनं पुसायला हात पुढं केला तर त्यांनी मानेनं नको म्हटलं आणि तळहात पुन्हा धरला. कोपर त्यांनी गुडघ्यावर टेकवलं. ती गात राहिली. आता तिचे डोळे फक्त त्यांच्या चेहऱ्यावर होते.

आणि मग एकदा सूर असा लागला की तिच्या दंडावर काटा आला. तानपुऱ्याच्या तारेत तो बुडून गेल्यासारखा झाला. तिनं तो सोडला नाही, श्वास संपेपर्यंत धरला, आणि पाहिलं तर आण्णांचा हात खाली मांडीवर होता.

"आला?" ती ओरडली. "आण्णा, हाच का? हाच ना?"

आण्णांनी मान हलवली नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हात त्यांनी खाली आणला नव्हता, तो दमून पडला होता. केव्हा पडला ते तिनं बघितलं नव्हतं. त्या क्षणापुरते तिचे डोळे मिटले होते. तिनं तो सूर पुन्हा शोधला आणि तो तिला सापडला नाही. तिसऱ्यांदा शोधला.

आण्णा तिच्याकडे बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. पण आता ती त्यांच्या ओठांकडे बघत होती, तिची आई कांड्या भरता भरता बघायची तशी, आणि जन्मात पहिल्यांदा तिला त्यांवरचा शब्दन् शब्द कळला.

"राहू दे, बाय," ते म्हणत होते. "आता राहू दे."